पद्मिनीच्या पोटातलं डिझेल

मुंबईच्या जुन्या टॅक्सीत डिकी फक्त नावाला असायची. दादरला उतरलेलं कुटुंब दोन बॅगा, एक आंब्याची पेटी आणि गावाहून आणलेल्या तांदळाची गोणी घेऊन टॅक्सीपाशी यायचं, चालक डिकी उघडायचा, आणि आत लोखंडी सिलिंडर आडवा पडलेला दिसायचा. मग सामान टपावरच्या कॅरियरवर चढायचं, दोरी आवळली जायची, आणि परळपर्यंत मागच्या सीटवरच्या आजीचा जीव टपावरच्या पेटीत अडकलेला. माझ्या पिढीने काळी-पिवळी पद्मिनी अशीच पाहिली, सिलिंडरसकट. त्यामुळे तो सिलिंडर कंपनीतूनच येत असणार, असं मला बरीच वर्षं वाटायचं.

तो तिथे कसा आला हे शोधायची वेळ आली ती भलत्याच कारणाने. आम्ही चार मित्र मिळून एक जुनी व्हॅन घ्यायच्या विचारात आहोत. मागे झोपायला फळ्या, छोटी शेगडी, पाण्याची टाकी, आणि शनिवार-रविवारी मुंबईबाहेर. इन्स्टाग्रामवर अशा गाड्यांचे जे देखणे फोटो असतात, त्यांत बहुधा १९५० साली आलेल्या फोक्सवॅगन टाइप २ चे वंशज असतात. आपल्याकडे सेकंडहँड बाजारात पर्याय साधे. पेट्रोलमध्ये मारुती ओम्नी किंवा ईको, डिझेलमध्ये टेम्पो ट्रॅव्हलर. म्हणजे पहिला प्रश्न इंजिनाचा. पेट्रोल की डिझेल?

सॉफ्टवेअरवाल्या माणसाला असा प्रश्न पडला की तो एक्सेल शीट उघडतो. मीही उघडली. मायलेज, भाव, सर्व्हिसिंग, विम्याचा हप्ता असे कॉलम भरत गेलो. पण एक गोष्ट कुठल्याच कॉलमात बसेना. हाच प्रश्न लालबाग, परळ, गिरगावच्या रस्त्यांवर आमच्याआधी हजारो माणसांनी सोडवला होता, तोही शौकापायी नाही, पोटासाठी. त्यांचं गणित अचूक होतं. तरीही काही वर्षांत त्यांचं उत्तर चुकीचं ठरलं. ते कसं, हे कळल्याशिवाय माझी शीट मला खरी वाटेना.

*

मुंबईत मोटार टॅक्सी आली १९११ च्या सुमारास, व्हिक्टोरिया घोडागाड्यांच्या सोबतीला. पण आपण जिला काळी-पिवळी म्हणतो तिचा चेहरा ठरला तो कुर्ल्यात. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, कुर्ल्याला कारखाना उभा राहिला आणि तिथून इटलीच्या फियाटच्या परवान्याने गाड्या बाहेर पडू लागल्या. फियाट ११००, मग १९६४ ची ११०० डिलाइट, आणि १९७४ पासून तीच गाडी प्रीमियर पद्मिनी या नावाने. कोलकात्याने टॅक्सी म्हणून अँबॅसिडर घेतली, मुंबईने फियाट. कारखाना गावातच असल्यामुळे सुटे भाग आणि मेकॅनिक मुबलक. नाव पद्मिनी झालं तरी लोक शेवटपर्यंत 'फियाट'च म्हणत राहिले.

इंजिन होतं १०८९ सीसीचं, पेट्रोलचं, जेमतेम चाळीस हॉर्सपॉवरचं. गिअरचा दांडा स्टिअरिंगला. मुंबईच्या सपाट रस्त्याला एवढं पुरेसं होतं. सायन आणि माहीमच्या अलीकडे, म्हणजे दक्षिण आणि मध्य मुंबईत, रिक्षांना परवानगी नव्हती आणि आजही नाही. त्यामुळे बसमध्ये न मावणारं सगळं, म्हणजे बाळंतीण, म्हातारी माणसं, केईएमला न्यायचा पेशंट, गिरगावातून निघालेलं रुखवत, या पेट्रोलच्या फियाटमधूनच जायचं.

मग १९७३ उजाडलं. अरब देशांनी तेल रोखलं आणि काही महिन्यांत जगातला कच्च्या तेलाचा भाव चौपट झाला. भारतात पेट्रोल-रॉकेलचे दर इतके चढले की नोव्हेंबर १९७३ मध्ये अटलबिहारी वाजपेयी निषेध म्हणून बैलगाडीत बसून संसदेत गेले. पेट्रोल महागलं, डिझेलही महागलं, पण दोन्हींत सरकारने मुद्दाम अंतर ठेवलं. पेट्रोल म्हणजे मोटारवाल्यांचं इंधन, त्यावर कर लावला तर बिघडलं कुठे? डिझेलवर मात्र ट्रक चालतात, एसटी चालते, शेतकऱ्याचा पंप चालतो. डिझेल महागलं की भाजी महागते. हा विचार त्या काळात कुणालाही पटेल असा होता, आणि पुढची चाळीस वर्षं, सरकारं बदलली तरी, तो बदलला नाही.

पण किमतीला नकाशा वाचता येत नाही. डिझेल शेतकऱ्यासाठी स्वस्त केलं तरी परळच्या पेट्रोल पंपावर ते टॅक्सीवाल्यालाही त्याच भावाने मिळतं. प्रश्न एवढाच होता की ते जाळायचं कशात. भारतात तेव्हा डिझेलची कार नव्हती.

*

इथे थोडं इंजिनात शिरावं लागेल. मेकॅनिकलच्या मित्रांनी दोन परिच्छेद गाळले तरी चालेल.

पेट्रोल इंजिनात हवा आणि इंधन यांचं मिश्रण सिलिंडरमध्ये दाबलं जातं आणि स्पार्क प्लग ठिणगी टाकतो. हवा-इंधनाचं प्रमाण जवळजवळ ठरलेलं असल्यामुळे ताकद कमी हवी असेल तेव्हा आत येणारी हवाच एका झडपेने अडवावी लागते. गाडी सिग्नलला उभी असते तेव्हा ही झडप जवळपास बंद असते आणि इंजिन अरुंद नळीतून श्वास घेतल्यासारखं धापा टाकत फिरतं. इंधन जातं, काम काही होत नाही.

डिझेल इंजिनात ठिणगी नाही आणि सहसा ती झडपही नाही. नुसती हवा इतकी दाबतात की ती पाचशे अंशांच्या पुढे तापते, मग तिच्यात डिझेलचा फवारा मारला की ते आपोआप पेटतं. रुडॉल्फ डिझेलने १८९७ साली जर्मनीत ऑग्सबर्गला हे यशस्वी करून दाखवलं. ताकद कमी हवी तर फवारा कमी करायचा, बस. त्यामुळे उभ्या उभ्या डिझेल इंजिन फारच थोडं इंधन खातं. शिवाय एका लिटर डिझेलमध्ये ऊर्जाही पेट्रोलपेक्षा दहा-पंधरा टक्के जास्त. बदल्यात इंजिन जड, आवाजी, महाग आणि थरथरणारं, कारण एवढा दाब सोसायला सगळंच जाडजूड लागतं.

आता हे लालबागच्या नाक्यावर नेऊन पाहा. टॅक्सी दिवसातला किती वेळ उभी असते किंवा पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये सरकत असते? म्हणजे डिझेल इंजिनाचा सर्वांत मोठा गुण जिथे दिसतो, नेमकी तीच टॅक्सीची जागा. हे फक्त मुंबईला कळलं असंही नाही. जगातली पहिली कारखान्यात बनलेली डिझेल कार, १९३६ ची मर्सिडीझ २६० डी, जर्मनीत टॅक्सीवाल्यांनीच उचलून धरली. लंडनची १९५८ ची काळी ऑस्टिन टॅक्सी डिझेलची होती.

भारतात १९८० च्या आसपास अँबॅसिडर डिझेल इंजिनासह मिळू लागली. ज्यांच्याकडे आधीची पेट्रोलची अँबॅसिडर होती त्यांतल्या कित्येकांनी गॅरेजमध्ये गाडी नेऊन तिच्यात मॅटाडोर व्हॅनचं डिझेल इंजिन बसवून घेतलं. पद्मिनीला डिझेल यायला नव्वदचं दशक उजाडलं. इटलीच्या एफएनएम कंपनीचं १३६६ सीसीचं इंजिन, मॉडेलचं नाव १३७ डी. मूळ सांगाडा पन्नाशीच्या दशकातल्या हलक्या पेट्रोल गाडीचा, त्यात हे जड धूड. दारं खुळखुळायची, मागच्या सीटवर कणाकण हलायचा. पण या सगळ्याची झळ प्रवाशाला, आणि तीही वीस मिनिटं.

*

टॅक्सीच्या धंद्यात एक गोष्ट बाहेरच्याला पटकन दिसत नाही. परमिट आणि गाडी एकाची, चालवणारा बऱ्याचदा दुसरा. चालक मालकाला पाळीचं ठरलेलं भाडं देतो आणि इंधन स्वतःच्या खिशातून भरतो. म्हणजे इंजिनाचे पैसे मालकाचे आणि इंधनाची बचत चालकाची. डिझेल गाडीसाठी मालक भाडं थोडं वाढवून मागणार, चालक ते देणार, कारण तरीही त्याच्या हातात संध्याकाळी जास्त उरतं. दोघांचा फायदा, दोघांनाही मान्य. कुठल्याही अर्थशास्त्राच्या पुस्तकात शोभेल असा व्यवहार.

या व्यवहारात तिसराही एक होता, त्याला कुणी विचारलं नव्हतं. तो रस्त्यालगतच्या चाळीत पहिल्या मजल्यावर राहत होता.

परळ-लालबागची हवा डिझेल टॅक्सीने बिघडवली असं म्हणणं अन्यायाचं होईल. ती कितीतरी आधीपासून बिघडलेली होती. गिरण्यांची धुराडी, बॉयलर, भट्ट्या, रेल्वेची वर्कशॉप, सगळं याच पट्ट्यात. परळच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. एस. आर. कामत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईतल्या कमी, मध्यम आणि जास्त प्रदूषण असलेल्या वस्त्या आणि तुलनेला एक ग्रामीण भाग घेऊन हजारो लोकांच्या फुप्फुसांचा अभ्यास केला. जास्त प्रदूषणाच्या भागात खोकला आणि दम लागण्याच्या तक्रारी जास्त निघाल्या. तेव्हा मुख्य संशयित होता गंधकाचा वायू, आणि तो बराचसा कारखान्यांतून येत होता.

१८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला. तो कधी संपला हे आजही कुणी सांगू शकत नाही. धुराडी एकेक करून थंड झाली. आता आकाश निवळायला हवं होतं. पण गिरण्यांचा धूर गेला त्याच दशकांत रस्त्यावरचा धूर वाढत गेला: ट्रक, बस, टेम्पो, आणि त्यांच्या जोडीला टॅक्सी. धुराड्याचा धूर निदान शंभर-दीडशे फुटांवर सुटायचा. हा सुटायचा गुडघ्याच्या उंचीवर, फुटपाथवरच्या भाजीवालीच्या आणि शाळेतून येणाऱ्या पोराच्या तोंडासमोर. डिझेल गाड्यांच्या धुराने माणसाला कर्करोग होतो असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ साली ठामपणे जाहीर केलं. पण परळच्या रहिवाशाला त्यासाठी तोवर थांबायची गरज नव्हती. खिडकीच्या कठड्यावरून बोट फिरवलं की कळत होतं.

१९९९ मध्ये 'स्मोक अफेक्टेड रेसिडेंट्स फोरम' ही संस्था मुंबई उच्च न्यायालयात गेली. दिल्लीत सर्वोच्च न्यायालयाने १९९८ सालीच बस सीएनजीवर आणायला सांगितलं होतं, त्यामुळे वाट पडलेली होती. उच्च न्यायालयाने राज्याचे परिवहन आयुक्त व्ही. एम. लाल यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पुढच्या दोन-तीन वर्षांत आदेश येत गेले, आणि त्यांचा मथितार्थ असा: ठराविक वयापुढच्या टॅक्सी सीएनजी किंवा एलपीजीवर आणा, नाहीतर रस्त्यावरून काढा.

गॅस होता कुठे? घराजवळच. फेब्रुवारी १९७४ मध्ये, म्हणजे तेलसंकट ऐन भरात असताना, 'सागर सम्राट' या जहाजाला मुंबईच्या पश्चिमेला समुद्रात सुमारे १६० किलोमीटरवर तेल लागलं होतं. बॉम्बे हाय. तेलासोबत वायू येतोच. तो उरणला किनाऱ्याला लागला, आणि १९९५ साली स्थापन झालेल्या महानगर गॅसने तो शहरात आणला. ज्या संकटाने टॅक्सीवाल्याला डिझेलकडे ढकललं, त्याच संकटाच्या काळात सापडलेला वायू पंचवीस वर्षांनी त्याला डिझेलपासून दूर नेत होता.

आणि इथेच ते अचूक गणित फिसकटलं.

सीएनजी दाबली म्हणून आपोआप पेटत नाही. तिला ठिणगी लागते. पेट्रोलच्या इंजिनात स्पार्क प्लग आधीच असतो, त्यामुळे जुन्या पेट्रोल पद्मिनीला सीएनजी किट जोडणं म्हणजे एक रेग्युलेटर, थोड्या नळ्या, कार्ब्युरेटरपाशी मिक्सर आणि डिकीत सिलिंडर. गाडी दोन्हींवर चालते, गॅस संपला की पेट्रोल. डिझेलच्या इंजिनात प्लगच नाही, आणि त्याचा दाब गॅसच्या ठिणगीवाल्या इंजिनाला न झेपणारा. त्याला किट बसवून भागत नाही, एकतर इंजिन आतून नव्याने घडवायचं किंवा काढून टाकून पुन्हा पेट्रोलचं बसवायचं. ज्याने जास्त पैसे घालून शहाणपणाने डिझेल घेतलं, तो अडकला. ज्याला डिझेल परवडलं नाही आणि जो जुन्या पेट्रोल इंजिनावरच रेटत राहिला, त्याचं काम किटच्या खर्चात झालं.

सुरुवातीला गॅसचे पंप मोजके आणि रांगा लांब. रांगेतले तास म्हणजे बुडालेली भाडी. युनियननी विरोध केला, तोही समजण्यासारखाच. पण नंतर टॅक्सीवाल्यांनीच गॅस सोडला नाही, कारण तो डिझेलपेक्षाही स्वस्त पडू लागला. साठ हजारांच्या घरातल्या टॅक्सी काही वर्षांत एका इंधनावरून दुसऱ्यावर आल्या, आणि आपल्याला त्याची खूण एवढीच उरली की बॅग टपावर ठेवावी लागते.

*

काळ्या-पिवळ्या या फेऱ्यातून बाहेर पडल्या, पण बाकीचा देश त्याच सुमारास त्यात शिरत होता. १९९८ च्या अखेरीस टाटांनी इंडिका आणली आणि डिझेल मध्यमवर्गाच्या पार्किंगमध्ये आलं. २०१० च्या जूनमध्ये सरकारने पेट्रोलचे भाव मोकळे सोडले, डिझेलचे धरून ठेवले. परिणाम असा की मे २०१२ मध्ये दिल्लीत पेट्रोल ७३ रुपये १८ पैसे आणि डिझेल ४० रुपये ९१ पैसे. लिटरमागे बत्तीस रुपयांचा फरक! त्या काळात विकल्या जाणाऱ्या नव्या कारपैकी निम्म्याच्या आसपास डिझेलच्या होत्या. शेतकऱ्याच्या पंपासाठी ठेवलेला भाव एसयूव्हीच्या टाकीत जात होता.

मग ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचेही भाव मोकळे झाले. २०२५ मध्ये मुंबईत पेट्रोल १०३ आणि डिझेल ९० रुपयांच्या आसपास होतं. फरक तेरा रुपये. त्यात एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं, डिझेल गाडीला धुरातली काजळी पकडणारी महागडी गाळणी लागू लागली आणि मारुतीने डिझेल कार बनवणंच थांबवलं.

आमची शीट आता या पार्श्वभूमीवर वाचा. समजा एकाच आकाराच्या दोन व्हॅन आहेत, पेट्रोलची लिटरला ११ किलोमीटर देते, डिझेलची १४. (हे आकडे मी गणितापुरते धरलेत, कुठल्याही कंपनीचे नाहीत.) २०१२ च्या भावाने किलोमीटरमागे वाचत होते पावणेचार रुपये, २०२५ च्या भावाने सुमारे २ रुपये ९० पैसे. रुपयाची किंमत तोवर किती घसरली हे वेगळंच. वर्षाला ३० हजार किलोमीटर फिरणाऱ्या टॅक्सीवाल्याला २०१२ मध्ये वर्षाकाठी लाखाच्या वर बचत होती. आम्ही चौघं फार तर सहा हजार किलोमीटर फिरू. बचत वर्षाला साडेसतरा हजार. डिझेल व्हॅन दीड लाखाने महाग मिळाली तर फरक फिटायला साडेआठ वर्षं लागणार, आणि तेही एकदाही इंजेक्टर किंवा टर्बोचं काम निघालं नाही तर.

म्हणून पेट्रोल घ्यावं? इतकं सरळ नाही. कॅम्परव्हॅन टॅक्सीसारखी नाक्यावर उभी राहत नाही, ती सामानासकट घाट चढते. चार माणसं, फळ्या, पाण्याची टाकी, गॅसची शेगडी घेऊन आंबा घाटात किंवा कुंभार्ली घाटात ७९६ सीसीची ओम्नी काय करेल याची कल्पना करवत नाही. कमी आरपीएमला मिळणारा टॉर्क हा तिथे चैनीचा विषय नसतो. गणपतीला लालबाग-परळमधून कोकणात निघणारी माणसं वर्षानुवर्षं भाड्याने जी गाडी ठरवत आली, ती डिझेलचीच, आधी मॅटाडोर आणि मग टेम्पो ट्रॅव्हलर.

ट्रॅव्हलरचीही एक गंमत आहे. 'टेम्पो' हा आपल्याला इतका मराठी वाटणारा शब्द मूळचा हॅम्बुर्गच्या एका कंपनीचं नाव. तिच्या परवान्याने १९५८ साली फिरोदियांनी बजाज टेम्पो सुरू केली, आज तिचं नाव फोर्स मोटर्स. १९८७ मध्ये आलेली ट्रॅव्हलर मर्सिडीझच्या व्हॅनवर बेतलेली. आणि या कंपनीने ज्याचा परवाना घेतला ते मर्सिडीझचं ओएम ६१६ डिझेल इंजिन जर्मनीत २४० डी या कारमध्ये असायचं, जी तिकडे टॅक्सी म्हणून प्रसिद्ध होती. म्हणजे कोकणात जाणाऱ्या चाकरमान्यांच्या बुडाखाली बरीच वर्षं जर्मन टॅक्सीच्याच इंजिनाचा वंश धडधडत होता.

तेव्हा इंजिन म्हणून डिझेल वाईट नाही. माझी अडचण वेगळी आहे. पद्मिनीवाल्यांचं चुकलं ते मायलेजच्या कॉलममध्ये नाही. त्यांनी धरलं होतं की आजचा नियम गाडीच्या आयुष्यभर टिकेल. सेकंडहँड गाडी घेताना तर हे आणखी टोकदार होतं, कारण गाडीचं अर्धं आयुष्य आधीच दुसऱ्याने वापरलेलं असतं आणि नियमांचा धोका मात्र पूर्ण आपल्या वाट्याला येतो. दिल्लीकडे पाहा. राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना मनाई केली, पेट्रोलला पंधरा वर्षं दिली, आणि २०१८ साली सर्वोच्च न्यायालयानेही ते उचलून धरलं. त्यानंतर उत्तम स्थितीतल्या डिझेल गाड्या तिथून मिळेल त्या भावाने बाहेरच्या राज्यांत विकल्या गेल्या. आपल्याकडच्या जाहिरातींत एखादी ट्रॅव्हलर संशयास्पद स्वस्त दिसली की तिचा मूळ नंबर डीएल आहे का, हे मी आधी पाहतो. महाराष्ट्रातही कार घेताना डिझेलला रस्ताकर पेट्रोलपेक्षा जास्त, आणि पंधरा वर्षांनंतरचा हरित करही जास्त.

पेट्रोलही या बाबतीत आता निर्धास्त राहिलेलं नाही. पंपावरच्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल आहे. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी, आणि जुन्या गाड्यांचे रबरी पाइप आणि वॉशर त्यासाठी बनवलेले नाहीत. २०१२ ची ओम्नी घेणाऱ्याने तिच्या नळ्या बदलण्याचे पैसे बाजूला काढून ठेवावेत. एक जमेची बाजू मात्र पद्मिनीच्या काळापासून तशीच आहे: पेट्रोलच्या इंजिनात स्पार्क प्लग असतो. उद्या काहीही झालं तरी तिला गॅसवर नेता येतं. मग झोपायच्या फळीखालची जागा सिलिंडर खाईल, तो भाग वेगळा.

व्हॅनमध्ये आपण जे बदल करू त्यांनाही कायदा लागतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीच्या मूळ रचनेत आरटीओच्या परवानगीशिवाय फेरफार करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे आणखी कडक केलं. गॅरेजमध्ये रातोरात अँबॅसिडरमध्ये मॅटाडोरचं इंजिन बसवण्याचे दिवस गेले. महाराष्ट्राने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, म्हणजे सरकारला कल्पना आवडलेली आहे. पण धोरण वेगळं आणि आरसी बुकावरची नोंद वेगळी.

पद्मिनीचा शेवट मायलेजने झाला नाही, डिझेलनेही नाही. टॅक्सीच्या वयाची मर्यादा २००८ मध्ये पंचवीस वर्षं झाली, २०१३ मध्ये वीस. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेव आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदली गेली होती. त्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यावर कायद्याने एकही पद्मिनी टॅक्सी उरली नाही. त्याच्या सहा आठवडे आधी, १५ सप्टेंबरला, बेस्टची शेवटची डिझेल डबलडेकर गेली होती. तिला निरोप द्यायला लोक हार घेऊन आले होते.

सध्या आमच्या यादीत तीन गाड्या आहेत. त्यांतली एक २०१८ ची ट्रॅव्हलर, बीएस-४, म्हणजे काजळीची गाळणी नसलेल्या शेवटच्या काही वर्षांतली. दुरुस्तीला सोपी आणि नियम बदलला तर सर्वांत आधी अडचणीत येणारी. थंड इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं, ऑइलचं झाकण काढल्यावर वाफ उसळली नाही, अॅक्सिलरेटर दाबल्यावर धूर काळा निघाला पण लगेच विरला. इंजिन चांगलं आहे. मालक साडेसहा लाख सांगतो. शीटमध्ये मी आता एक कॉलम वाढवलाय, 'आणखी किती वर्षं चालू देतील', आणि तिन्ही गाड्यांपुढे तो अजून कोरा आहे.